गेटबाहेरची पहिली रात्र



 या परिषदेचा अध्यक्ष म्हणून बोलताना मला एका संध्याकाळबद्दल सांगायचं आहे.

काही वर्षांपूर्वी एका कारागृहाच्या गेटपाशी मी वेगळ्याच कामासाठी थांबलो होतो. जामिनाचे कागद उशिरा पोहोचले आणि दिवेलागणीला एक बाई बाहेर आल्या. चार वर्षं कच्च्या कैदी म्हणून आत होत्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तीत दोन साड्या आणि कोर्टाचे कागद. भावाचा नंबर पाठ होता, तो लागेना. गावाकडची शेवटची एसटी निघून गेली होती. त्यांनी मला विचारलं, "दादा, आता कुणाकडं हजर व्हायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या जिल्ह्यात परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी होते, बायकांसाठी आधारगृह होतं, सुटलेल्यांसाठी काम करणाऱ्या आपल्यासारख्या दोन संस्था होत्या आणि त्यांतल्या एकीत मी स्वतः होतो. पण ही बाई आज सुटणार हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. ती रात्र त्यांनी आमच्या एका कार्यकर्तीच्या घरी काढली. मी योगायोगाने तिथे नसतो तर कुठे काढली असती, हा विचार अजून माझी पाठ सोडत नाही.

अनुरक्षणाचा, म्हणजे सुटकेनंतरच्या आधाराचा, विचार आपल्याकडे नवा नाही. प्रा. मा. स. गोरे यांच्या समितीने 1955 सालीच त्यावर अहवाल दिला, 1958 साली परिविक्षेचा कायदा झाला. त्याच्याही आधी, 1939 साली, औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत वसवली. मॉरिस फ्रीडमन यांची कल्पना आणि राजेसाहेबांचा पाठिंबा. तिथे कैदी बायकामुलांसह राहून शेती करू लागले. तिच्यावर बेतलेला 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट सगळ्यांना आठवतो. मला मात्र त्या वसाहतीतली चूल अधिक मोलाची वाटते. माणूस सुटायच्या आधीच त्याचं घर पुन्हा उभं राहिलेलं असे.

आज आपण उलटं करतो. माणूस सुटल्यावर त्याला शोधत निघतो. तोवर रेशनकार्डावरचं नाव कमी झालेलं असतं, आधारकार्ड हरवलेलं असतं, खोली दुसऱ्याला गेलेली असते. शिवणकाम आत शिकलेलं असतं, पण मशीन घ्यायला पैसे नसतात. शिवाय आपल्या बहुतेक योजना शिक्षा भोगून सुटणाऱ्याला समोर ठेवून आखलेल्या. 2022च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5 लाख 73 हजार माणसं होती आणि त्यांपैकी 4 लाख 34 हजार कच्चे कैदी होते. त्यांच्या सुटकेची तारीख आधी कळत नाही. जामीन होतो आणि माणूस रस्त्यावर येतो. आपल्या कामातलं हे सगळ्यात मोठं भगदाड आहे, असं मी स्पष्ट म्हणतो.

ते बुजवायचे मार्ग आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प 1990 पासून प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांना तुरुंगांत आणि पोलीस ठाण्यांत बसवतो. तिथे ओळख आतच होते. पुढे सुटलेल्यांना काही काळ दुसऱ्या संस्थांमध्ये विद्यावेतनावर काम दिलं जातं. एक संस्था माणूस ओळखते, दुसरी त्याला काम देते. मी सहकार्य म्हणतो ते हेच. व्यासपीठावर एकत्र बसण्याला नाही. दुसरा मार्ग पैशाचा: महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने 2022 साली येरवडा कारागृहात 'जिव्हाळा' योजना सुरू केली. शिक्षाबंदीला त्याच्या आतल्या मजुरीच्या भरवशावर 50 हजारांपर्यंत कर्ज, व्याज 7 टक्के. ज्याच्यावर घरच्यांचाही विश्वास उरलेला नाही, त्याच्यावर बँक विश्वास टाकते. मग आपण तो टाकायला कशाला कचरावं?

आणखी एक, जरा कडू. निधीसाठी आपण लाभार्थ्यांची नावं एकमेकांपासून लपवतो. "तो आमचा आहे" असं म्हणतो. संमती घेऊन, गुप्तता सांभाळून, ही माहिती एकमेकांना द्यावीच लागेल. एकाच माणसाने चार कार्यालयांत आपला गुन्हा चारदा सांगायचा, ही दुसरी शिक्षा आपणच देतो आहोत.

उद्या सकाळच्या सत्रात भाषणं नकोत, अशी संयोजकांना विनंती केली आहे आणि त्यांनी ती मानली. आपण जिल्हावार बसू. प्रत्येक जिल्ह्याने तीन गोष्टी कागदावर आणाव्यात: कारागृहाला शेवटची भेट कधी दिली, रात्री सुटणाऱ्यासाठी एक खाट कुठे मिळेल आणि रात्री दहानंतर फोन कोण उचलेल. माझ्या जिल्ह्याच्या कागदावर तिसऱ्या प्रश्नापुढे मी माझा नंबर लिहून आणला आहे.