पुरणपोळी आणि बैलाचं पोट

आज पोटाबद्दल बोलायचंय. आपल्या नाही, बैलाच्या.

आधी एक गोष्ट सांगतो. मी सातवीत होतो. पोळ्याला मामाच्या गावी गेलो होतो. बैल सजले, मिरवणूक झाली, मामीने नैवेद्याच्या दोन पुरणपोळ्या चारल्या. इथवर ठीक होतं. मग आम्ही पोरांनी काय केलं, तर कुणाला न सांगता टोपलंभर पोळ्या आणि वर घमेलंभर उरलेला भात एकाच बैलाला घातला. तो खात होता, आम्ही खूश!

दुसऱ्या दिवशी सकाळी बैल उठेना. रवंथ बंद, पोट फुगलेलं, पातळ शेण. गुरांचे डॉक्टर आले आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काल काय खाल्लं याने?" सगळे म्हणाले, नेहमीचंच. मी गप्प.

आता गोष्ट इथे थांबवतो, कारण त्या पोटात काय चाललं होतं ते कळलं तरच पुढचं कळेल.

एक गंमत ऐका. बैल गवत खातो, पण ते फोडायची ताकद त्याच्या स्वतःच्या शरीरात नसते! गवतात असतं सेल्युलोज. ते तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, बैलाचं शरीर बनवतच नाही. आपलंही नाही. मग बैल जगतो कसा? भाडेकरूंच्या जिवावर.

बैलाच्या पोटाचे चार कप्पे असतात. पहिला आणि सगळ्यात मोठा म्हणजे कोटीपोट. मोठ्या जनावरात त्यात १०० लिटरहून जास्त माल मावतो. आत ऊब असते, ओल असते, पण ऑक्सिजन जवळजवळ नसतो. तिथे राहतात जिवाणू, आदिजीव आणि बुरशी. किती? एका थेंबात कोट्यवधी. हे सगळे मिळून गवत आंबवतात. अगदी आपलं इडलीचं पीठ आंबतं ना, तसंच समजा.

या आंबण्यातून साधी आम्लं तयार होतात. कोटीपोटाच्या आतल्या बाजूला बारीक बोटांसारखे उंचवटे असतात, त्यांतून ती थेट रक्तात शोषली जातात. बैलाला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा, साधारण ७० टक्के, इथूनच येतो.

आणि रवंथ कशासाठी? अर्धवट चावलेला चारा परत तोंडात आणून बारीक करायचा. दिवसाचे सात-आठ तास हेच काम. त्यातून भरपूर लाळ सुटते. ती पोटात जाऊन आम्ल आटोक्यात ठेवते. म्हणजे लाळ हा त्याचा घरचा खाण्याचा सोडाच, बरं का!

पुढे जाळीपोट आणि पडदेपोट. जाळीपोटात जड वस्तू अडकतात. गिळलेली तार तिथे रुतली, तर ती समोरच असलेल्या हृदयापर्यंतही जाऊ शकते. पडदेपोट पाणी शोषतं. चौथा कप्पा आपल्या जठरासारखा. इथे आम्लात ते सूक्ष्मजीवच मरतात, पचतात आणि पुढे लहान आतड्यात त्यांची प्रथिनं शोषली जातात. भाडेकरू शेवटी भाडं असं चुकवतात!

आता पुरणपोळीकडे येऊ. पोळी म्हणजे कणिक, डाळ, गूळ. भात म्हणजे शिजलेला स्टार्च. हे गवतासारखं हळू आंबत नाही, झपाट्याने आंबतं. थोडं असेल तर निभतं. एकदम टोपलंभर गेलं की लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू भराभर वाढतात, आम्ल चढतं आणि गवत पचवणारे जिवाणू मरू लागतात. मऊ खाणं फारसं चावावं लागत नाही, म्हणून लाळही कमी. वर रक्तातलं पाणी पोटात ओढलं जातं. जनावर आतून सुकतं. यात जीवही जातो.

तर, मी शेवटी रडत रडत खरं सांगितलं. डॉक्टरांनी लगेच सलाइन लावलं, आम्ल उतरवायचं औषध दिलं. चार दिवसांनी बैलाने पुन्हा रवंथ सुरू केला, तेव्हा मामा गोठ्यात नुसता बघत बसला होता. मला कुणी ओरडलं नाही. ते जास्त लागलं.

म्हणून सांगतो. पोळ्याला नैवेद्याची एखादी पोळी द्या, पोटभर मात्र चाराच द्या. रस्त्यावरच्या गाईला लग्नातला उरलेला भात ओतू नका. आणि अन्न पिशवीत बांधून तर अजिबात फेकू नका. कोटीपोटातून बारीक झालेलाच माल पुढे सरकतो. प्लॅस्टिक बारीक होत नाही, कुजत नाही, वर्षानुवर्षं तिथेच साचत राहतं.

जनावराने जास्त धान्य किंवा भात खाल्लाय असं कळलं, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. १९६२ वर फोन करा किंवा जवळच्या पशुवैद्यकाला बोलवा. आणि काय खाल्लं ते खरं सांगा.

बैलाला चारताना आपण खरं तर त्याच्या पोटातल्या कोट्यवधी भाडेकरूंना चारत असतो. त्यांना काय झेपतं, तेवढं बघा.

हा भाग गावाकडच्या भावंडांना नक्की पाठवा. भेटूया पुढच्या भागात!