घरची जुनी मोटार

घरांतील एखादी वस्तु पन्नास वर्षें टिकली म्हणजे तिचें श्रेय सहसा कारागिराला दिलें जातें. तांब्याचा हंडा, सागवानी पलंग, भिंतीवरचें घड्याळ यांच्या बाबतींत तें पुष्कळसें खरेंहि आहे. मोटारीचें तसें नाहीं. कारखान्यांतून बाहेर पडल्या दिवसापासून ती झिजूं लागते, आणि पुढें तिचें आयुष्य किती, हें कारखान्यापेक्षां घरच्या माणसांच्या लक्षावर अधिक अवलंबून असतें. अमरावती-अकोल्याच्या रस्त्यावर आजहि क्वचित् एखादी जुनी फियाट किंवा अँबॅसिडर शांतपणें चाललेली दिसते. तिच्याकडे पाहून लोक कौतुकानें हंसतात. पण ती चालत राहावी म्हणून तिच्यामागें किती माणसांची किती वर्षांची मेहनत उभी असते, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं.

या गाड्यांचा जन्मच टिकण्याच्या हिशेबानें झालेला होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि मुंबईस कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. तेथेंच १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊं लागली. १९७४ च्या सुमारास तिला पद्मिनी हें नांव मिळालें. कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथें १९५७ पासून २०१४ पर्यंत अँबॅसिडर निघत होती. त्या काळीं मोटार पैसे मोजून लगेच मिळत नसे. नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. १९८३ च्या डिसेंबरांत मारुती आली आणि ही स्थिति हळूहळू पालटली. परंतु तोंपर्यंत वऱ्हाडांतील एखाद्या वकिलाच्या, डॉक्टरच्या वा कापसाच्या व्यापाऱ्याच्या दारीं मोटार येऊन उभी राहिली, म्हणजे ती पुढें विकण्याच्या हेतूनें घेतलेली नसे. ती घरांत आलेली असे.

पद्मिनीचें इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचें, चार सिलिंडरांचें. गिअरची दांडी स्टिअरिंगच्या खांबाला. बहुतेक गाड्यांना ब्रेक चारहि चाकांना ड्रमचे. तिच्यांत कळ दाबून चालणारें असें फारसें कांहींच नव्हतें. जें बिघडे तें डोळ्यांना दिसे, हाताला लागे आणि चारपांच पान्यांनीं उघडतां येई. हीच तिच्या दीर्घायुष्याची पहिली गुरुकिल्ली. दुसरी गुरुकिल्ली मात्र मालकाच्या हातीं असते, आणि वऱ्हाडांत ती ऋतुमानाप्रमाणें फिरवावी लागते.

येथील उन्हाळा माणसाची परीक्षा पाहतो तशी यंत्राचीहि पाहतो. २०२४ च्या मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि उन्हामुळें तेथें जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. अशा दिवसांत दुपारीं जुनी मोटार काढली तर बोरगाव मंजूच्या पुढेंमागें ती एकाएकीं गचके खाऊन बंद पडावी, यांत नवल नाहीं. दोष इंजिनाचा नसतो. पेट्रोलचा पंप इंजिनालाच लागून बसविलेला असतो. तो तापला कीं नळींतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंप वाफ ओढीत बसतो. जाणता मालक अशा वेळीं बॅटरी संपेपर्यंत चावी फिरवीत नाहीं. तो निंबाच्या सावलींत गाडी उभी करतो, पंपावर ओलें फडकें ठेवतो आणि पंधरावीस मिनिटें स्वस्थ बसतो. रेडिएटरचें झांकण मात्र तो त्या वेळीं उघडीत नाहीं. उकळत्या पाण्याचा फवारा तोंडावर घेतलेल्यांच्या गोष्टी त्याला माहीत असतात. खरें काम उन्हाळ्यापूर्वींच व्हावयाचें असतें. फाल्गुनांतच रेडिएटर धुवून घ्यावा, पंख्याचा पट्टा ताणून पाहावा, रबरी नळ्या दाबून पाहाव्या. जी नळी बोटाखालीं कडकडते ती मे महिना काढणार नाहीं, असें समजावें.

पावसाळ्याचा शत्रु निराळा. वऱ्हाडची काळी माती पाणी प्याली कीं फुगते आणि वाळली कीं भेगाळते; तिच्यावर बांधलेला रस्ताहि तिच्याबरोबर वरखालीं होतो. त्याचे धक्के पुढच्या चाकांच्या सांध्यांना आणि मागच्या पाट्यांना सोसावे लागतात. अलीकडे रस्ते पुष्कळ सुधारले आहेत. २०२२ च्या जूनमध्यें अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घालून जागतिक विक्रम नोंदविला गेला. पण गाडीला केवळ महामार्गावरूनच जावयाचें नसतें. शेतावरहि जावयाचें असतें. तेथून परत आल्यावर बुडाला चिकटलेला चिखल त्याच दिवशीं धुवून काढावा. तो राहिला तर ओल धरतो, आणि पत्रा आंतून सडतो. इंजिन नव्यानें बांधतां येतें, परंतु सांगाडाच गंजला तर त्याला इलाज थोडा.

हिवाळा त्या मानानें मित्र. सकाळीं चोक ओढावा, इंजिन घटकाभर गरम होऊं द्यावें, एवढीच त्याची मागणी. लग्नसराईची आणि चिखलदऱ्याच्या सहलीची हीच वेळ. पण परतवाड्यापुढील घाटांत जुन्या गाडीचें शील कळतें. चढतांना ती तापेल, तर थांबतां येतें. उतरतांना ब्रेक तापले तर मात्र ते हळूहळू धरीनासे होतात. म्हणून जुने चालक ज्या गिअरमध्यें घाट चढावयाचा त्याच गिअरमध्यें तो उतरत, आणि पायापेक्षां इंजिनाकडून गाडी रोखून घेत. हा नियम वडिलांनीं मुलाला शेजारीं बसवून शिकवावयाचा असतो. तो ऐकून नव्हे, तर पाहून कळतो.

या सर्व जपणुकींत घराबाहेरचा एक माणूस घरच्यासारखा असतो, तो म्हणजे मिस्त्री. टिनाच्या शेडखालीं, तेलानें काळवंडलेल्या जमिनीवर बसून त्यानें त्या एकाच गाडीचा आवाज वीसपंचवीस वर्षें ऐकलेला असतो. "काकाजी, गाडी बोलते, आपल्याले आयकाले पायजे," असें अशा मिस्त्र्यानें सांगितलें, तर तो अलंकार नसतो. वाल्वची टकटक, घासलेल्या बेअरिंगची घरघर आणि फाटक्या सायलेन्सरचा फरफराट हीं त्याच्या लेखीं तीन निरनिराळीं वाक्यें असतात. ज्या घरांत या ज्ञानाला वहीची जोड मिळते, तेथें गाडी अधिक जगते. तेल कोणत्या तारखेला बदललें, किती किलोमीटरवर पॉइंट घासले, कोणता भाग खरादावर करून घेतला, हें एका साध्या वहींत लिहिलेलें असलें, तर मिस्त्री बदलला तरी गाडीचा इतिहास बदलत नाहीं.

परंतु एकट्या निष्ठेनें भागत नाहीं, कारण गाडीभोंवतालचें जग तिच्यासाठीं थांबत नाहीं. पूर्वीं पेट्रोलमध्यें शिसें असे. त्याचा थर वाल्वच्या बैठकींना झिजूं देत नसे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेंविरहित पेट्रोल आलें. सर्वांच्या, विशेषतः मुलांच्या, आरोग्यासाठीं तें योग्यच झालें. पण जुन्या इंजिनांना कठीण धातूच्या बैठकी बसवून घेणें इष्ट ठरलें. पुढें २०२३ सालीं २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल पंपावर येऊं लागलें. इथेनॉल जुन्या रबराला फुगवितें आणि हवेंतील ओल शोषून टांकीला गंज चढवितें. म्हणून जुन्या नळ्या व पडदे बदलून इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसविणें आणि टांकींत तेंच पेट्रोल महिनोन्महिने न ठेवणें, हा नवा धडा जुन्या मालकांना शिकावा लागला. सुटे भाग मिळविणें तर स्वतंत्र उद्योगच झाला. कारखाना बंद पडल्यावर एका गाडीचें जगणें दुसऱ्या गाडीच्या मरणावर अवलंबून राहूं लागलें.

आणि मग एके दिवशीं घरांत तो प्रश्न निघतो, जो सगळ्यांच्या मनांत असूनहि कोणी बोललेला नसतो. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यापुढें दर पांच वर्षांनीं तपासणी करवून ती वाढवून घ्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचें शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालें. महाराष्ट्रांत पर्यावरण कर त्याहून निराळा. पुण्याला नोकरी करणारा मुलगा म्हणतो, "बाबा, एवढ्या खर्चांत नव्या गाडीचे कांहीं हप्ते फिटतील." वडील उत्तर देत नाहींत. त्यांना आठवतें तें हिशेबाच्या वहींत नसतें. याच गाडींतून सून घरीं आली, याच गाडींतून आजीला रात्रीं दवाखान्यांत नेलें. मुलाचें म्हणणें खोटें नाहीं, आणि वडिलांचें मौनहि खोटें नाहीं.

कायद्यानें यांतून एक मध्यम मार्ग काढला आहे. २०२१ च्या जुलैमधील नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपांत राखलेल्या मोटारींची 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदणी होऊं शकते. मात्र अशी गाडी रोजच्या कामाला वापरतां येत नाहीं. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती यांपुरतीच तिला रस्त्यावर मुभा. म्हणजे ती गाडी मानानें राहते, पण बाजारांतून भाजी आणीत नाहीं. ज्यांना तेंहि नको, त्यांच्यासाठीं सरकारमान्य भंगार केंद्रें आहेत.

यांपैकीं कोणता मार्ग धरावा, हें बाहेरच्यानें सांगण्यासारखें नाहीं. पण निर्णय कोणत्या कसोटीवर करावा, हें सांगतां येण्यासारखें आहे. खर्च ही ती कसोटी नव्हे. माणसें छंदासाठीं याहून अधिक खर्च करतात. आठवणी हीहि ती कसोटी नव्हे. आठवणी गाडी गेल्यावरहि राहतात. जुन्या गाडीला पोटांत हवेची पिशवी नाहीं, मागच्या बाकावर पट्टे नाहींत, आणि आजच्या महामार्गावर तिच्या पुढेंमागें धांवणारीं वाहनें तिच्या जन्मकाळच्या वेगाचीं राहिलेलीं नाहींत. तेव्हां ती गाडी हांक दिल्याबरोबर थांबते कीं नाहीं, तिची स्टिअरिंग सैल नाहीं ना, आणि चालविणाऱ्याचे डोळे व पाय अजून तिला आवरूं शकतात कीं नाहीं, हे तीन प्रश्न प्रेमानें नव्हे तर प्रामाणिकपणें विचारले गेले पाहिजेत. मागच्या बाकावर नातवंडें बसावयाचीं असतात.

दसऱ्याला वऱ्हाडांत घरोघरीं वाहनें धुवून त्यांना झेंडूचे हार घालतात. त्याच्या आदल्या दिवशीं जुन्या गाडीचीं चारहि चाकें उतरवावीं, ब्रेकचे ड्रम उघडावे, मिस्त्र्याच्या शेजारीं बसून घरच्या तरुणानें ते स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावे, आणि जें दिसेल तें वहींत तारीख घालून लिहावें. ब्रेक चांगले निघाले, तर दुसऱ्या दिवशीं हार घालून गाडी खुशाल सीमोल्लंघनाला न्यावी. नाहीं निघाले, आणि ते दुरुस्त होण्यासारखेहि नसले, तर हार तरीहि घालावा. चावी मात्र खुंटीवर टांगून ठेवावी.