तिसरी किडनी आणि बाबापण



ओळख करून देताना मी "एक मुलगी, वय सहा, आणि किडन्या तीन" म्हणालो, तेव्हा हशा झाला. नंतर दोघं-तिघं बाजूला घेऊन विचारून गेले. म्हणून ही पाच मिनिटं त्याच विषयाला देतो.

बाईंनी फळ्यावर घेवड्याच्या दाण्यासारख्या दोनच किडन्या काढल्या होत्या. प्रत्यारोपणात त्या सहसा काढत नाहीत. नवी ओटीपोटात एका बाजूला बसवतात. माझी तिसरी ताईने दिली.

डायलिसिसवर असताना बऱ्याच पुरुषांची संप्रेरकं घटतात, शुक्राणू कमी होतात, इच्छाही मावळते. हे आपण कुणाला सांगत नाही, डॉक्टरांनाही नाही. नवी किडनी नीट चालली की अनेकांचं काही महिन्यांत सुधारतं. सगळ्यांचं नाही, म्हणून वीर्यतपासणीची लाज नको.

पुढचा प्रश्न गोळ्यांचा. शरीराने किडनी नाकारू नये म्हणून त्या कायमच्या. त्यांतली सिरोलिमस शुक्राणूंची संख्या घटवू शकते. मायकोफेनोलेट आईने गरोदरपणी घेतलं तर बाळाला अपाय होऊ शकतो. वडील घेत असल्यास तसा अपाय दिसलेला नाही, तरी सावधगिरीच्या सूचना आहेत. काय बदलायचं ते डॉक्टर ठरवतील. मनाने गोळी बंद केली तर किडनी जाऊ शकते.

"मुलगी आत्यावर जाणार का?" असंही एकाने विचारलं. गेली तर आनंदच, पण किडनीतून वारसा जात नाही. माझा मूळ आजार आनुवंशिक नाही ना, हे मात्र आधी तपासून घेतलं.

१९५४ साली बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी रिचर्ड हेरिक यांना त्यांच्या जुळ्या भावाची किडनी बसवली. जगातलं हे पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण. रिचर्ड यांनी पुढे शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेशीच लग्न केलं, त्यांना दोन मुलं झाली. १९६३ साली ते वारले. मी हे उत्साहाने बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आणि त्या दोन मुलांचं पुढे काय?"

याचं उत्तर कुठल्याच तपासणीत मिळत नाही. बसवलेली किडनी जन्मभर पुरेलच असं नसतं. आम्ही महिनाभर हिशेब मांडला: तिची नोकरी, पैशांची तजवीज, दोन गल्ल्यांपलीकडे तिचं माहेर. मग ती म्हणाली, "वेळ आली तर मी एकटी निभावेन. आता हो म्हणते." कौतुक माझं करता आहात, पण धाडस तिचं आहे.

तुमच्या ओळखीत डायलिसिसवरचा एखादा तरुण असेल. त्याला "आता मुलाबाळांचं विसर" म्हणू नका. "होईल रे सगळं ठीक" असंही म्हणू नका. नवरा-बायको दोघांनी मिळून डॉक्टरांना स्पष्ट विचारावं, एवढं मात्र सांगा.