बहुमत नसलेलं सरकार काम कसं करतं?



गटाची बैठक आटोपली, वह्या मिटल्या, की गप्पा राजकारणावर येतात. त्यात एक प्रश्न फिरून फिरून निघतो. ज्या सरकारकडे स्वतःची पुरेशी माणसंच नाहीत, ते कायदे कसे करतं? असलं सरकार दुबळं, त्याच्याकडून आपलं काम काय होणार, असंच बऱ्याच जणी धरून चालतात. आमचं मत वेगळं आहे. ते का, ते आज सांगतो.

आधी आपल्या राज्याचं बघू. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आमदार, म्हणजे बहुमताला १४५ लागतात. २०१४ च्या निवडणुकीत भाजपचे १२२ निवडून आले, शिवसेनेचे ६३, काँग्रेसचे ४२ आणि राष्ट्रवादीचे ४१. एकट्याने १४५ कुणाचेच होत नव्हते. तरी ३१ ऑक्टोबरला देवेंद्र फडणवीसांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. राष्ट्रवादीने बाहेरून पाठिंबा देऊ केला होता. म्हणजे मंत्रिपद घ्यायचं नाही, पण सरकार पाडायचंही नाही. शिवसेना विरोधी बाकांवर बसली. १२ नोव्हेंबरला विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला. 'होय'चा आवाज मोठा की 'नाही'चा, एवढ्यावर. डोकी मोजलीच नाहीत म्हणून विरोधक चिडले, आणि आमच्या मते बरोबरच चिडले. आपण गटाचं कर्जसुद्धा हात मोजून मंजूर करतो. पुढे ५ डिसेंबरला शिवसेना सरकारात आली आणि ते अल्पमत संपलं.

यातली मेख अशी आहे, की साधा कायदा करायला एकूण आमदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागत नाहीत. त्या वेळी हजर राहून मत देणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लागतात. एखादा पक्ष बाहेर निघून गेला किंवा तटस्थ राहिला, तरी सरकारचं निभावतं. शिवाय लगेच दुसरी निवडणूक कुणालाच नको असते. खर्च असतो, आणि आपण पडू अशी भीतीही असते.

पण पाच आठवड्यांच्या सरकारावरून फार काही कळत नाही. त्यासाठी दिल्लीत पी. व्ही. नरसिंह राव यांचं सरकार पाहायला हवं. ते १९९१ साली आलं, आणि पहिली दोन-अडीच वर्षं त्यांच्याकडे स्वतःचं बहुमत नव्हतं. राव तेलुगू, पण मराठी चांगलं जाणणारे. रामटेकमधून खासदार झालेले. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही बाईच्या हालांची कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली होती.

त्या सरकारच्या पहिल्याच अंदाजपत्रकात खताचे भाव ४० टक्के वाढवले. विरोधक तर उठलेच, काँग्रेसचे स्वतःचे खासदारही रागावले. शेवटी वाढ ३० टक्क्यांवर आणली आणि लहान शेतकऱ्यांना त्यातून सूट दिली. हातात माणसं कमी असली की असं ऐकावं लागतं.

आता आपल्या पंचायतीचा कायदा. १९८९ साली राजीव गांधींच्या सरकारने तो आणला होता. बायांसाठी राखीव जागा त्यातही होत्या. लोकसभेत त्यांचे चारशेहून जास्त खासदार, तिथे तो सहज मंजूर झाला. पण घटना बदलायची तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. राज्यांना बाजूला सारून दिल्ली थेट गावात शिरते आहे, अशी विरोधकांची तक्रार होती. राज्यसभेत तो थोडक्यात पडला.

राव सरकारने तोच विषय पुन्हा घेतला. सगळ्या पक्षांच्या खासदारांच्या समितीकडे मसुदा दिला. बऱ्याच गोष्टी राज्यांवर सोपवल्या. वर्षाहून जास्त वेळ गेला, पण डिसेंबर १९९२ मध्ये दोन्ही सभागृहांनी तो मंजूर केला आणि २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाला. चारशे खासदारांना जे जमलं नाही, ते अल्पमतातल्या सरकारने केलं. गावोगावी ग्रामपंचायतीत बाया बसू लागल्या त्या या कायद्याने. महाराष्ट्राने पुढे ते आरक्षण निम्म्यावर नेलं.

आपला भाग मात्र अनुसूचित क्षेत्रात. तिथे तो कायदा आपोआप लागू नव्हता. आपल्यासाठीचा पेसा कायदा डिसेंबर १९९६ मध्ये आला, देवेगौडांच्या सरकारात. तेही काँग्रेसच्या बाहेरच्या पाठिंब्यावर उभं होतं, चार महिन्यांत पडलं. पण गावातल्या दारूवर बंदी घालायचा अधिकार ग्रामसभेला आहे, तो त्याच कायद्याने.

वनहक्क कायद्याचंही तसंच. २००६ साली मनमोहन सिंगांचं सरकार डाव्या पक्षांच्या बाहेरच्या पाठिंब्यावर चाललं होतं. पहिल्या मसुद्यात १९८० पूर्वीपासूनचीच वहिवाट धरणार होते. खासदारांच्या समितीने आणि जंगलातल्या लोकांच्या संघटनांनी जोर लावला, तेव्हा ती तारीख १३ डिसेंबर २००५ झाली. जमिनीची मर्यादा अडीच हेक्टरवरून चार हेक्टरवर गेली. आणि पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर असावा, हेही कायद्यात आहे. आपापल्या घरचा कागद काढून बघा, तुमचं नाव आहे का.

याची वाईट बाजूही सांगायला हवी. जुलै १९९३ मध्ये रावांविरुद्ध अविश्वास ठराव आला. २५१ विरुद्ध २६५ मतांनी सरकार वाचलं. त्यात झारखंड मुक्ती मोर्चाच्या, म्हणजे आदिवासींच्याच पक्षाच्या, खासदारांना पैसे दिल्याचा आरोप झाला. खालच्या कोर्टाने २००० साली रावांना दोषी धरलं, हायकोर्टाने २००२ मध्ये सोडलं. सभागृहातल्या मतासाठी पैसे घेणाऱ्याला कायद्याचं संरक्षण नाही, हे सुप्रीम कोर्टाने सांगितलं ते थेट २०२४ साली. चार मतं कमी असली की दोन वाटा असतात, मसुदा बदलायचा किंवा माणूस विकत घ्यायचा.

हे सगळं दिल्ली-मुंबईपुरतं नाही. आता सरपंच थेट लोकांतून निवडला जातो. त्यामुळे सरपंच ताई एका बाजूची आणि नऊपैकी सहा सदस्य दुसऱ्या बाजूचे, असं होतं. मग 'ठराव होऊच देत नाही' अशी अडवणूक सुरू होते. अशा ताईने घाबरून राजीनामा देऊ नये. थेट निवडलेल्या सरपंचाला काढायला तीन चतुर्थांश सदस्य लागतात, आणि वर ग्रामसभेची मंजुरी लागते. मासिक सभेच्या आधी तिने समोरच्या सदस्यांच्या घरी जावं, त्यांच्या पाड्याची विहीर किंवा रस्ता आराखड्यात घ्यावा. विरोधात मत देणं मग त्यांनाच जड जातं. तरी अडलंच, तर विषय ग्रामसभेत न्यावा. तिथे मोजणी सदस्यांची नाही, आपली असते.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा असते. यंदा तिथे कोणतं काम पहिलं लावायचं, ते गटाच्या बैठकीत आधी ठरवा. त्या बैठकीला सदस्यांना बोलवा, दोन्ही बाजूंच्या.