फुंकणारा कडा

मॉरिशस हें नांव निघालें कीं उंसाचे मळे, शुभ्र वाळू आणि पोंवळ्यांच्या बांधाआडचें निवांत निळें पाणी आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. तें चित्र खोटें नाहीं. या बेटाच्या बहुतेक किनाऱ्याला पोंवळ्यांचा तट आहे व लाटांचा जोर त्या तटावरच मोडतो. परंतु दक्षिणेस कांहीं ठिकाणीं हें संरक्षण नाहीं. तेथें समुद्र थेट काळ्या कातळावर येऊन आदळतो. लेस्कालिए गांवाजवळचा ‘ल सूफ्लर’ हा कडा अशाच जागीं आहे. फ्रेंच भाषेंत या नांवाचा अर्थ ‘फुंकणारा’.

गांव मागें पडलें कीं उंसांतून खडबडीत वाट लागते. दोहों बाजूंस पुरुषभर ऊंस. समुद्र दिसत नाहीं, नुसता ऐकूं येतो. मग ऊंस संपतो आणि पायांखालीं काळाभोर पाषाण लागतो. ज्यानें आपले घाट पाहिले आहेत त्याला हा दगड परका वाटणार नाहीं, आणि तो तसा परका नाहींच. भूगर्भशास्त्रज्ञांच्या मतें, पृथ्वीच्या पोटांतील ज्या उष्ण स्रोतानें सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनचें पठार लाव्ह्यानें भरून काढलें, त्यानेंच पुढें, सुमारें ८० लक्ष वर्षांपूर्वीं, मॉरिशस घडविण्यास आरंभ केला. शेजारच्या रेयुनियों बेटावरील ज्वालामुखी तोच आजहि धगधगता ठेवीत आहे. समई जागच्या जागीं ठेवून तिच्यावरून पत्रा सरकवीत न्यावा, म्हणजे काजळीचे ठिपके ओळीनें उमटत जातात. तसाच हा प्रकार आहे. सरकला तो पत्रा, म्हणजे भूपृष्ठ.

आतां हा कडा फुंकतो कसा? लाव्हा थंड होतांना आकसतो व त्याला उभ्या भेगा पडतात. लाटा त्या भेगा पोखरून तळाशीं गुहा करतात. एखादी भेग गुहेच्या छतांतून वरपर्यंत गेलेली असली म्हणजे लोहाराचा भाताच तयार झाला. लाट आंत शिरते, कोंडलेली हवा दाबली जाते, आणि हवा व पाणी मिळून त्या अरुंद वाटेनें गर्जत बाहेर पडतात. प्रथम पायांखालचा कातळ थरथरतो, मग घोगरा हुंकार येतो, आणि मागाहून फेंसाळ पाणी.

माझ्याबरोबर एक वृद्ध मराठी गृहस्थ होते. १८३४ सालापासून हिंदुस्थानांतून या बेटावर करारबंद मजूर येऊं लागले. पुढें मुंबई बंदरांतून आलेल्यांत यांचे पणजोबा होते. कड्याजवळ येतांच ते म्हणाले, “तुम्ही उशिरां आलांत हो. आम्ही लहान असतांना हें पाणी उंसाच्या शेंड्यांवरून दिसे.”

त्यांचें म्हणणें वावगें नव्हतें. पूर्वीं हा फवारा पुष्कळच उंच जात असे. ज्या लाटांनीं तो निर्माण केला त्याच लाटा त्याचें तोंड रुंदावीत आहेत. तोंड रुंदावलें कीं दाब कमी होतो. जवळच ‘पाँ नात्युरेल’ म्हणून एक नैसर्गिक पूल आहे. गुहेचें छत कोसळून मध्यें उरलेली ती कमान आहे. फुंकणाऱ्या कड्याचें पुढें काय व्हावयाचें तें तेथें उभें राहून पाहून घ्यावें.

कोणास जावयाचें असेल तर मे ते ऑक्टोबर या काळांत, आग्नेयेचे वारे जोरांत असतां, आणि भरतीच्या वेळीं जावें. शांत समुद्रांत तेथें नुसता सुस्कारा ऐकूं येतो. ओल्या कातळावर मात्र पाऊल टाकूं नये. बाहेरची लाट केव्हां मोठी येईल तें सांगतां येत नाहीं, आणि छायाचित्राच्या हौसेनें पुढें सरकणाऱ्यांना आमच्या वृद्ध सोबत्यांनीं दोनदां हाका मारून मागें बोलाविलें.

आम्ही भरती ओसरेपर्यंत बसलों होतों. तेवढ्या अवधींत पाणी माणसाच्या डोक्यावरून गेलें तें तीनच वेळां. तिन्ही वेळां ते गृहस्थ उठून उभे राहिले.