डॉक्टरांना नेतृत्व कोणी शिकवावे?

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले भाषण, किंचित संक्षेपाने.)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत मराठीच्या प्राध्यापकाने संतवाङ्मयावर, किंवा फार तर हैदराबादेतील मराठी माणसाच्या सांस्कृतिक परंपरेवर बोलावे, अशी आपली रास्त अपेक्षा असणार. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा मी ‘डॉक्टरांचे नेतृत्वशिक्षण’ असे सांगितले, आणि दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला काही क्षण शांतता पसरली. त्या शांततेचे उत्तर प्रथम देतो.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मी आपल्या वाचनकक्षात बसलो असताना एक तरुण समोर येऊन उभा राहिला. दहा-बारा वर्षांपूर्वी द्वितीय भाषा म्हणून मराठी घेऊन तो माझ्या वर्गात बसत असे. पुढे तो डॉक्टर झाला आणि आदिलाबादकडील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. “सर, माणसांकडून काम कसे करून घ्यावे यावर आपल्याकडे एखादे पुस्तक आहे का?” असे त्याने विचारले. आम्ही दोघांनी कपाटे धुंडाळली. व्यवस्थापनावरची दोन पुस्तके निघाली. दोन्ही मालाची विक्री कशी वाढवावी याविषयी होती.

मग त्याने आपली हकीकत सांगितली. लसी दोन ते आठ अंश तापमानात ठेवाव्या लागतात, आणि त्या फ्रिजचे तापमान रोज सकाळ-संध्याकाळ नोंदवहीत लिहायचे असते. एकदा त्याने वही उघडली, तर महिनाभर ‘चार अंश’ अशी एकाच शाईत, एकाच बैठकीत केलेली नोंद! मधल्या काळात तर दोनदा रात्रभर वीज नव्हती. तो संतापला आणि सर्वांच्या देखत नर्सबाईंना बोलला. पुढच्या महिन्यापासून वहीत तीन, पाच, चार, सहा असे निरनिराळे आकडे सुबक अक्षरात येऊ लागले. “आता केंद्रात चुका होत नाहीत सर,” तो म्हणाला, “आता त्या मला दिसत नाहीत. साडेपाच वर्षांत मला शरीरातले एकूणएक हाड शिकवले, पण सात माणसे बरोबर घेऊन काम कसे करावे हे कोणी एक दिवस शिकवले नाही. मी राजीनामा द्यावा म्हणतो.”

त्याला त्या दिवशी मी पुस्तक देऊ शकलो नाही. हे भाषण म्हणजे त्या उधारीची अंशतः फेड आहे.

आपल्या शहराला या प्रश्नाचा एक जुना धागा आहे. येथून फार दूर नसलेल्या बेगमपेठेत २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टराला डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू सापडले. हुसेन खान नावाच्या रुग्णाला तो डास चावला होता, आणि प्रत्येक दंशामागे त्याला एक आणा मिळत असे, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. त्यापुढची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. त्यानंतर काही आठवड्यांतच रॉस यांची बदली राजपुतान्यात खेरवाडा येथे झाली, जेथे हिवतापाचे रुग्ण मिळणे दुरापास्त होते. एवढ्या मोठ्या शोधाच्या उंबरठ्यावर उभा असलेला माणूस कागदावरच्या एका हुकुमाने उचलला गेला. पुढे १८९८ मध्ये कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापावर काम करून त्यांनी शोध पुरा केला आणि १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळवले. परंतु शोध लागला म्हणजे रोग हटला असे होत नाही. त्यासाठी डबकी बुजवावी लागतात, टाक्यांना जाळ्या लागतात, पैसा लागतो, आणि ज्यांना डासाची गोष्ट वेडगळ वाटते अशांच्या सह्या लागतात.

हे काम पनामात विल्यम गॉर्गस या अमेरिकन लष्करी डॉक्टराने केले. तेथे कालवा खोदण्याच्या फ्रेंचांच्या प्रयत्नात सुमारे वीस हजार माणसे मुख्यतः पीतज्वराने व हिवतापाने दगावली, असा अंदाज आहे. गॉर्गस १९०४ मध्ये तेथे गेले. त्यापूर्वी हवानातून पीतज्वर हटवण्याचे यश त्यांच्या गाठीशी होते. तरीही वरिष्ठ मंडळाने त्यांच्या जाळ्यांच्या आणि सामानाच्या मागण्या उधळपट्टी म्हणून अडवल्या. त्यांना हटवावे अशीही शिफारस झाली. १९०५ मध्ये साथ भडकली, कामगार पळू लागले, आणि जॉन स्टीव्हन्स हा नवा मुख्य अभियंता आला. त्याने गॉर्गस यांच्यामागे पैसा आणि सुमारे चार हजार माणसे उभी केली. त्या वर्षाअखेर पनामा शहरातून पीतज्वर गेला. गॉर्गस यांच्याजवळ इतरांना ठाऊक नसलेली अशी कोणतीही विद्या नव्हती. अपमान गिळून ते जागेवर टिकले, आणि अभियंत्याला पटेल अशा भाषेत त्यांनी डासाची कथा सांगितली.

भाषेचा विषय निघालाच आहे, तर मराठीच्या माणसाला थोडे विषयांतर करू द्या. ‘नेता’ हा शब्द ‘नी’ म्हणजे नेणे या धातूपासून आला. ‘नायक’ त्याच घरातला, आणि ‘अभिनय’ही त्याच घरातला. गेल्या काही दशकांत आपल्या नेत्यांना अभिनय इतका का साधतो, याचे व्युत्पत्तिशास्त्रीय कारण कदाचित हेच असेल! ‘पुढारी’ या शब्दाला तर आपण असा काही वास चिकटवला आहे की, कोणत्याही सज्जन डॉक्टराला ‘तुम्ही पुढारी व्हा’ म्हटले तर त्याला ती शिवी वाटेल.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती घडली जामखेडला, जुन्या निजामी मुलखाच्या सीमेलगत, तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून बाहेर पडले. ग्रामीण रुग्णालयात काही वर्षे काम केल्यावर त्यांना एक गोष्ट छळू लागली. बरी करून घरी पाठवलेली मुले तेच आजार घेऊन पुन्हा येत होती. मग ते अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले. तेथे त्यांना कार्ल टेलर हे गुरू भेटले. टेलर यांचा जन्म आपल्याच मसुरीजवळचा, आणि पंजाबात नारंगवाल येथे त्यांनी खेड्यांच्या आरोग्याचा प्रयोग केलेला. १९७० मध्ये आरोळे परतले आणि जामखेडला आले.

गावकऱ्यांना त्यांनी विचारले, तेव्हा आरोग्याचे नाव कोणी काढले नाही. लोकांना अन्न हवे होते, पाणी हवे होते. पाठोपाठ १९७२चा दुष्काळ आला. तेव्हा या डॉक्टरांनी कूपनलिका खोदायला घेतल्या. येथे त्यांच्यातला नेता दिसतो. पाण्याची जागा ठरवताना त्यांनी दलित वस्ती निवडण्याचा आग्रह धरला. पंप तेथे बसला, म्हणजे पाणी हवे असेल तर सर्व गावाने त्याच हापशावर यायचे. अस्पृश्यतेवर एकही व्याख्यान न देता त्यांनी हे साधले. (व्याख्यान देणाऱ्याने हे वाक्य उच्चारताना थोडे ओशाळावे, म्हणून मी ओशाळतो.) वेगवेगळ्या जातींचे पुरुष एकत्र बसेनात, तर त्यांनी व्हॉलीबॉलचा खेळ सुरू केला, खेळाच्या निमित्ताने जमणाऱ्यांतून शेतकरी मंडळे उभी राहिली.

आणि ते चुकलेही. खेड्यांत प्रशिक्षित परिचारिका ठेवायच्या, अशी त्यांची मूळ योजना होती. बाहेरून आलेल्या तरुण मुली परक्या गावात राहीनात, आणि गावातल्या बायका त्यांच्याशी मोकळेपणाने बोलेनात. योजना फसली. तेव्हा आमच्याच गावातली बाई शिकवा, असे गावच्या प्रमुखांनी सुचवले. विचार करा, परदेशातून पदवी घेऊन आलेल्या डॉक्टरांना खेड्यातला माणूस सल्ला देतो आणि ते तो मानतात. निवडल्या गेलेल्या बायकांपैकी पुष्कळ निरक्षर होत्या, कित्येक तथाकथित खालच्या जातींतल्या होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करत, एकत्र जेवत. औषधांच्या आधी त्यांना एक गोष्ट शिकवावी लागली, ती म्हणजे त्यांचे स्वतःचे मोल. १९७१ मध्ये त्या भागात हजार जन्मांमागे १७६ अर्भके वर्षाच्या आत दगावत. नव्वदीच्या दशकात तो आकडा तिशीच्या खाली आला. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये आणि डॉ. रजनीकांत २०११ मध्ये गेले.

माझ्या विषयाच्या दृष्टीने त्यांची शेवटची करामत सर्वांत महत्त्वाची. नव्वदीच्या दशकात जामखेडला प्रशिक्षण संस्था उभी राहिली आणि देशोदेशींचे डॉक्टर तेथे शिकायला येऊ लागले. त्यांच्या शिक्षकांत या ग्रामआरोग्य सेविका होत्या. पदव्युत्तर डॉक्टर खाली बसला आहे आणि लुगडे नेसलेली बाई त्याला गावातल्या बायकांशी कसे बोलावे हे सांगते आहे, हे चित्र मला कोणत्याही अभ्यासक्रमापेक्षा बोलके वाटते.

गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून हीच वाट आणखी पुढे नेली. तेही जॉन्स हॉपकिन्सचेच विद्यार्थी. गावातल्या बायकांनी घरी जाऊन नवजात अर्भकांची काळजी घेतली, तर मृत्यू निम्म्याहून अधिक घटतात, हे त्यांनी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात आकड्यांनिशी सिद्ध केले. अशा आकड्यांपुढे सरकारेही नमतात. पुढे २०११ मध्ये ती पद्धत देशभरच्या आशा कार्यकर्त्यांकडे आली. २००६ पासून त्यांची ‘निर्माण’ शिबिरे चालू झाली, आणि पुष्कळ तरुण डॉक्टर तेथून खेड्यांकडे वळले.

हे सर्व खेड्यापाड्यांतले, मोठ्या रुग्णालयांचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याच जॉन्स हॉपकिन्सच्या रुग्णालयात पीटर प्रोनोव्होस्ट या डॉक्टराने २००१ मध्ये पाच ओळींची एक यादी केली. मोठ्या शिरेत नळी घालण्यापूर्वी हात धुवा, कातडी जंतुनाशकाने पुसा, असल्या साध्या गोष्टी. खरी क्रांती यादीत नव्हती. डॉक्टराने एखादी पायरी गाळली तर नर्सने त्याला थांबवावे, असा अधिकार वरिष्ठांनी नर्सला दिला, यात ती होती. मिशिगन राज्यातल्या शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत ही पद्धत नेली, तेव्हा नळीमुळे होणारे जंतुसंसर्ग दोन तृतीयांशांपर्यंत घटले. आपल्याकडे नर्सने मोठ्या डॉक्टरला थांबवल्याचे दृश्य आपण डोळ्यांसमोर आणून पाहावे.

२०१९ पासून आपल्या वैद्यकीय अभ्यासक्रमातही पदवीधर डॉक्टराच्या पाच भूमिकांत ‘नेता आणि चमूचा सदस्य’ ही एक भूमिका लिहिलेली आहे. मला त्याचा आनंद आहे, पण शिक्षक म्हणून धास्तीही आहे. आपण कवितेचा आस्वाद शिकवतो म्हणतो आणि शेवटी दहा गुणांची टीप लिहून घेतो. नेतृत्वाचेही तसे होईल. माझ्या मते प्रत्येक आंतरवासी डॉक्टराला एक महिना एखाद्या अनुभवी आशा कार्यकर्तीच्या हाताखाली पाठवावे, आणि त्याचा अहवाल तिने द्यावा. ही सूचना कोणी मनावर घेणार नाही, हे मला ठाऊक आहे.

तो विद्यार्थी दिवाळीत पुन्हा आला. मधल्या काळात जामखेडची हकीकत मी त्याला पत्राने कळवली होती. त्याने राजीनामा दिला नव्हता. केंद्रावर त्याने एके दिवशी नर्सबाईंना आपल्या खुर्चीशेजारी बसवून विचारले होते, “बाई, रात्री वीज गेली तर तुम्ही काय करता?” बाई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “जनरेटरच्या खोलीची किल्ली ड्रायव्हरकडे असते साहेब, आणि ड्रायव्हर आठ किलोमीटरवर राहतो. हे आजवर कोणी विचारले नाही.” आता ती किल्ली बाईंच्या दारामागच्या खिळ्यावर असते. नोंदवहीच्या एका पानाचे छायाचित्र त्याने मला भ्रमणध्वनीवर दाखवले. जनरेटरही बिघडला होता अशा एका सकाळच्या रकान्यात बाईंनी ‘अकरा अंश’ असे लिहिले होते, आणि खाली, ‘लसी बाजूला काढून ठेवल्या, साहेबांना कळवले.’