परमुलखात नेलेली सुवचने
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मंडळाच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा गौरव करावयास माझ्याहून अधिकारी वक्ते येथे आहेत. मी तत्त्वज्ञानाचा अभ्यासक नव्हे. केंद्र सरकारच्या नोकरीत फायली हाताळण्यात आयुष्य गेलेला एक साधा बी. ए. आहे. म्हणून आपल्याप्रमाणेच घरापासून दूर जाऊन राहिलेल्या काही माणसांची, आणि त्यांनी सोबत नेलेल्या नीतिवचनांची हकीकत सांगण्याचे मी योजिले आहे.

प्राचीन ग्रीसमध्ये प्लेटो-ॲरिस्टॉटल यांच्या विवेचनात रमणारी माणसे थोडीच होती. सामान्य माणसाची नीती छोट्या छोट्या सुवचनांवर पोसलेली असे. डेल्फी येथील अपोलोच्या मंदिरात, स्वतःला ओळखावे, कशाचाही अतिरेक करू नये, अशा अर्थाची वचने कोरलेली होती. सात ज्ञानी पुरुषांच्या नावावर चालत आलेल्या अशा सुमारे दीडशे वचनांची यादी इसवी सनाच्या पाचव्या शतकातील स्टोबेअसच्या संग्रहामुळे आपल्यापर्यंत पोहोचली. ग्रीक शाळांतील मुले सुवचने गिरवून अक्षर घटवीत. आपल्या शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात रोज सुविचार लिहिला जाई, त्याचे येथे स्मरण होते.

आता डेल्फीपासून पूर्वेस सुमारे ४००० किलोमीटरांवर जाऊ. अफगाणिस्तानच्या उत्तर सीमेवर, अमुदर्या आणि कोकचा या नद्यांच्या संगमापाशी ऐ-खानुम नावाचे स्थळ आहे. अलेक्झांडरच्या स्वारीनंतर तेथे ग्रीकांनी नगर वसविले होते. १९६०च्या दशकात सुरू होऊन १९७८ पर्यंत चाललेल्या फ्रेंच उत्खननात तेथे नाट्यगृह सापडले, व्यायामशाळा सापडली. आणि किनेअस नामक पुरुषाच्या, बहुधा नगरसंस्थापकाच्या, समाधिस्थानी एका शिलास्तंभाची बैठक सापडली. क्लेआर्कोस नावाच्या गृहस्थाने डेल्फीची वचने काळजीपूर्वक उतरवून घेऊन येथे उभारली, असे त्या बैठकीवर नमूद आहे. लुई रॉबर यांनी हा लेख १९६८ साली प्रसिद्ध केला.

मूळ शिलास्तंभ जवळजवळ नाहीसा झाला. परंतु यादीतील अखेरची पाच वचने वर मावली नाहीत म्हणून खाली बैठकीवर कोरली गेली असावीत, आणि तीच तेवढी शाबूत राहिली! त्यांचा आशय असा: बालपणी वर्तन नीटस असावे, तारुण्यात संयम असावा, मध्यमवयात न्यायबुद्धी असावी, वार्धक्यात योग्य सल्ला देता यावा, आणि मरताना मनात खंत नसावी.

या पाचांपैकी मध्यमवयाचे वचन मला अडवून धरते. मध्यमवयातील माणसाला मेहनती हो, कर्तबगार हो असे न सांगता न्यायी हो असे का सांगितले असावे? याच वयात दुसऱ्याचे भले-बुरे करण्याची सत्ता आपल्या हाती येते, हे त्याचे कारण मला वाटते. पण त्याच डेल्फीच्या यादीत मित्रांना साहाय्य करावे असेही एक वचन आहे. मित्राचे भले करणे आणि शत्रूचे वाईट करणे म्हणजेच न्याय, अशी ग्रीकांमध्ये लोकरूढ समजूत होती. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथाच्या पहिल्याच भागात सॉक्रेटिस तिची उलटतपासणी घेतो. ॲरिस्टॉटलनेही न्यायाची गणना दुसऱ्याच्या संदर्भातील सद्गुणात केली. स्वतःपुरते चांगले वागणारे पुष्कळ असतात, कस लागतो तो दुसऱ्याशी वागताना, असा त्याचा अभिप्राय आहे.

हे मला पुस्तकातून कळण्यापूर्वी अनुभवाने कळले होते. अनेक वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका शहरी, निवासस्थानांच्या वाटपाचे काम माझ्याकडे होते. तेथील मंडळातील एका स्नेह्याने गळ घातली. त्यांची अडचण खोटी नव्हती. परंतु यादीत त्यांच्या आधी एक कारकून होता. त्याची भाषा निराळी होती, आणि त्याच्यासाठी रदबदली करणारे कोणी नव्हते. नियमात बसेल अशी टिप्पणी लिहून मी स्नेह्यांचे नाव वर नेले. आपल्या माणसाच्या उपयोगी पडलो म्हणून मंडळात माझे कौतुक झाले. त्या कारकुनाने तक्रार केली नाही. जिन्यात भेटला की तो नमस्कार करी, आणि मी हातातल्या कागदात पाहत पुढे जाई. तो नमस्कार मी अद्याप विसरलेलो नाही.

ऐ-खानुमच्या कोषागारातील मडक्यांवर ग्रीक भाषेत हिशेबाच्या नोंदी आढळतात: रक्कम कोणी मोजली, मोहोर कोणी केली. त्या नावांत ग्रीक नावे आहेत, तशीच स्थानिक इराणी वळणाचीही आहेत. भिन्न भाषांची माणसे एका कचेरीत बसून पैसे मोजीत होती. डेल्फीहून आणलेल्या वचनाची खरी परीक्षा समाधिस्थानापेक्षा या कचेरीत होत असली पाहिजे.

आपणही घर सोडताना पुष्कळ काही सोबत आणले: गणेशोत्सव, नाटके, ग्रंथालयाची कपाटे. ते जपलेच पाहिजे. अडल्यानडल्या मराठी माणसाच्या पाठीशी मंडळाने उभे राहावे, हेही योग्यच. परंतु या नगरीने आपल्याला थारा दिला तेव्हा आपणही येथे परभाषी होतो. ज्या खुर्चीवर आपण बसतो तिच्यासमोर कोण उभा आहे, त्याची भाषा कोणती, हे विचारण्यापूर्वी त्याचा हक्क काय आहे, एवढे पाहण्याची सवय आपल्या मुलांना आपल्या वागण्यातून लागली, तर पन्नास वर्षांचे श्रम कारणी लागले असे मी म्हणेन.